जांभळ्या शाईची स्नेहवार्ता

“ऐका हो ऐकाऽऽ! धोंडू गुरवाची कपिला चुकली होऽऽ! डावं शिंग मोडकं, कपाळावर चांदणी! दिसेल त्यानं धरून ठेवावी होऽऽ!”

हरिश्चंद्र पावसकरांच्या कानांत हा आवाज चाळीस वर्षं मुक्कामाला होता. आवाज गावच्या दवंडीवाल्याचा. पावसच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरत, डफावर थाप टाकत तो यायचा, आणि त्या पहिल्या थापेसरशी विहिरीवरचा रहाट थबके, भाताचं माप हवेत राही, भांडणाऱ्या जावा शिवी ओठांवर धरून कान देत. कपिला पुढं सापडली की वाघाच्या पोटात गेली, ते हरिभाऊंना आठवत नव्हतं. आठवायचं ते एवढंच, की एका माणसानं तोंड उघडलं आणि सगळ्या गावानं मिटलं. बरोबरीची मुलं मोठेपणी मामलेदार व्हायचं म्हणत. हरिभाऊंना दवंडी पिटायची होती.

झाले ते रत्नागिरीस बोर्डाच्या कचेरीत कारकून. हे बोर्ड गावोगावच्या शाळा, दवाखाने, धर्मशाळा, खाडी ओलांडायच्या तरी आणि चुकार गुरांचे कोंडवाडे सांभाळी; आणि बोर्डाला सांभाळी हरिभाऊंचं अक्षर. सव्वीस वर्षं बोर्डाचा एकूण एक हुकूम त्यांच्या हातून उतरला होता. मंडणगडच्या डोंगरातला मास्तर असो की वेंगुर्ल्याकडचा, ते जांभळं, वळणदार, मोत्याच्या सरीसारखं अक्षर दिसलं की तो आधी टोपी सारखी करी आणि मग वाची. पण हा मान हुकुमाचा. हरिभाऊंच्या मनातलं एक वाक्य म्हणून सव्वीस वर्षांत त्या अक्षरातून गेलं नव्हतं. सनईवाल्यानं जन्मभर दुसऱ्यांच्याच लग्नांत वाजवावं आणि आपण अविवाहित राहावं, तशातली गत.

त्यात एकोणीसशे एकतीस साल उजाडलं. हेडक्लार्क आप्पा मुळ्ये जूनअखेर पेन्शनीत निघणार होते. त्यांची खुर्ची समुद्राकडच्या खिडकीशी. वारा आधी आप्पांना लागे, मग उरलासुरला बोर्डाला. ती खुर्ची आता पावसकरांची, असं कचेरीत सगळेच म्हणत. पण सगळे म्हणतात त्याच्याखाली प्रेसिडेंटसाहेबांची सही नसते. आणि प्रेसिडेंटसाहेबांना तर हरिभाऊंचं नावही येत नसे. “ते हे... अक्षरवाले,” असं ते म्हणत. सव्वीस वर्षांची चाकरी आणि शेवटी माणूस ‘हे’! हरिभाऊंनी मनाशी ठरवलं, खुर्ची मिळवायची तर आधी नाव कानांवर पडलं पाहिजे. म्हणजे दवंडी पिटली पाहिजे.

“एक पत्रक काढतोय,” त्यांनी जेवताना जाहीर केलं. “दरमहा. बोर्डाच्या नोकरांसाठी. कोणाच्या घरी मूल झालं, कोण आजारी आहे, कोणाची मुंज, कोणाची बदली. अंजनवेलच्या माणसाचं सुखदुःख वेंगुर्ल्याच्या माणसाला कळेल. नाव ‘स्नेहवार्ता’!”

त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, पानात आमटी वाढली. “कोणाला मूल नि कोणाला खोकला, हे कळायला कागद कशाला हवा? सखूआक्का आहेत की.”

सखूआक्का शेजारच्या. त्यांच्या आणि पावसकरांच्या परसात एकच गडगा होता, आणि तो गडगा दगडांचा असला तरी कान असल्यासारखा वागे. पत्रकाची बातमी त्या दिवशी हरिभाऊंच्या हातावर पाणी पडायच्या आत आळीभर झाली. म्हणजे दवंडीला आरंभच मुळी प्रतिस्पर्ध्याकडून झाला.

पत्रक छापायचं कसं, हा प्रश्न नव्हता. कचेरीचे हुकूम निघत तसंच. पत्र्याच्या उथळ ताटात सरस आणि ग्लिसरीन कढवून ओतायचं. निवलं की त्याची थरथरती वडी बसते. जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद तिच्यावर पालथा दाबला की अक्षरं तिच्या अंगावर उतरतात. मग कोरे कागद एकामागून एक दाबून उचलायचे. पहिले वीस ठसठशीत, पुढचे वीस फिकट, आणि शेवटचे दहा श्रद्धेनं वाचायचे. कचेरीतली वडी सरकारी, म्हणून हरिभाऊंनी पहिला प्रयोग घरी मांडला.

शेजारचे भागोजी चाळीस वर्षं आगबोटीवर सुकाणू धरून आलेले. कसलीही कढई चुलीवर चढली की ते सल्ला द्यायला हजर. “सरस कमी पडतोय पावसकर. एडनला आम्ही असलं काही केलं की उंटाचं हाड टाकायचो.”

“एडनला तुम्ही पत्रक काढलं होतंत?”

“पत्रक नाही. हलवा.”

हा खुलासा ऐकायला हरिभाऊ थांबले नाहीत, ते बरंच झालं. वडी ओटीवर निवत ठेवून ते वामकुक्षीला गेले. ग्लिसरीन गोड असतं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. मुंग्यांना अनुभवातून. तासाभरात वडीवर मुंग्यांचं वऱ्हाड उतरलं आणि तिथंच रुतून बसलं. वर सखूआक्का गडग्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “गोदे, खरवस केलास नि सांगितलं नाहीस गो?” आणि जिभेवर ठेवून पाहिला, तो मुंग्यांसकट. पुढं चार दिवस त्या पदर तोंडाशी धरून बोलत होत्या. आळीला तेवढंच विश्रांतीचं पुण्य लाभलं.

सकाळी जात्यावर गोदाकाकूंचा गळा लागला तो नेमका हरिभाऊ दात घासत असताना.

“पहिली माझी ओवी, जांभळ्या गं बोटांना,
भात कालवताना, रंग चढे।
दुसरी माझी ओवी, कचेरीच्या खुर्चीला,
माझ्या उशीचा कापूस, गादी झाला॥”

दुसऱ्या ओवीत अतिशयोक्ती नव्हती. आप्पांच्या खुर्चीचा वेत बोचतो म्हणून हरिभाऊंनी बेताची एक गादी आधीच शिवून घेतली होती. ती माळ्यावर जूनची वाट पाहत होती.

शेवटी वडी साधली. पत्रकाचा नमुना घेऊन हरिभाऊ आप्पा मुळ्यांपुढं उभे राहिले. आप्पांनी चष्मा चढवला, लाल शाईत टाक बुडवला आणि आधी पाच मुंग्यांना अनुस्वार समजून दुरुस्त केलं. मग विचारलं, “हे पाठवणार कशातून?”

“बोर्डाच्या टपालाच्या थैलीतून. आपली परवानगी असेल तर.”

“थैलीतून बिननंबरी कागद जायचा नाही. गेला तर माझी पेन्शन जाईल. जावक नंबर घाला.”

नंबर घातला. चारशे सतरा. नंबर पाहून सामानाच्या कारकुनानं शाईची बाटली मागं ओढली. “जांभळी शाई फक्त कामकाजासाठी. तसं वर लिहा, मग ओततो.” तसं वर लिहिलं. प्रती पन्नासच, आणि गावं कितीतरी. तेव्हा हुकुमाच्या पद्धतीप्रमाणे ‘वाचून, सही करून, पुढील गावी रवाना करावे’ हेही आलं. लवू शिपाई नंबर दिसला की शिक्का मारी. एकदा त्यानं आप्पांच्या छत्रीच्या मुठीवरच्या चिठ्ठीवर मारला होता. त्यानं इथंही मारला. शेवटी प्रेसिडेंटसाहेबांनी कागद हातात घेतला, “हं, अक्षर बरं आहे,” म्हणाले आणि सवयीनं कोपऱ्यात सही ठोकली.

दर पायरीला हरिभाऊंची छाती इंचभर फुगत होती. नवरीला चुलती वाकी घालते, मामी नथ घालते, तसा प्रत्येक टेबलानं त्यांच्या पोरीला एकेक दागिना घातला होता. दागिन्यांखाली पोर दिसेनाशी झाली, हे बापाच्या लक्षात यायला वेळ लागतो.

पत्रक निघालं ते असं. वर जावक नंबर चारशे सतरा. खाली शिक्का. त्याखाली ‘सर्व शाळा, तरी, कोंडवाडे, धर्मशाळा व दवाखाने यांस, कामकाजासाठी.’ मग दोन ओळींत कसंबसं अंग चोरून बसलेलं ‘स्नेहवार्ता’. आणि मग चार बातम्या:

‘एक. गुहागर कोंडवाड्याचे कारकून यांस पुत्ररत्न झाले. सर्वांस आनंद व्हावा.

दोन. केळशीच्या मास्तरांचा दमा अडुळशाच्या काढ्याने हटला. इतरांनीही घेऊन पाहावा.

तीन. चैत्रातील शेवटच्या शुक्रवारी हेडक्लार्क आप्पासाहेब मुळ्ये यांचे घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे. सर्व भगिनींनी अगत्य यावे.

चार. अंजनवेलचे रा. सखाराम शिरगावकर मास्तर हे लवकरच शिरगावच्या शाळेत येत आहेत, असे ऐकतो.’

चौथी बातमी लवूची. हे सखाराम मास्तर मूळचे शिरगावचे, रत्नागिरीपासून हाकेच्या अंतरावरचे. अंजनवेलच्या शाळेत टाकले गेल्यापासून त्यांचे बदलीसाठी अर्जांवर अर्ज येत. सातवा अर्ज लवूनं आप्पांच्या टेबलावर अगदी वर पाहिला होता. “वर हाय म्हंजे कायतरी व्हतंय सायेब. नायतर ह्ये कागद खालीच असतात,” असं त्याचं मत. खरं म्हणजे अर्ज वर होता तो आप्पांनी त्यावर भजी ठेवली होती म्हणून. पण वार्ताहरानं इतकं खोलात शिरू नये.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या फेब्रुवारीत शिरगणती झाली होती. गावोगावचे मास्तर, कारकून घरं मोजून, माणसं मोजून, म्हाताऱ्यांची वयं पिंपळाच्या वयावरून ताडून नुकते कुठं टेकले होते. त्या दोन महिन्यांत त्यांना एकच वळण लागलं होतं: जांभळा कागद आला की मोजायचं, आकडा लिहायचा, आकडा नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, आणि उलट टपाली पाठवायचं. विचार करण्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

दहा दिवसांनी थैली फुगून आली. लवूनं ती हरिभाऊंच्या टेबलावर पालथी केली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. इतकी पत्रं! बोर्डाच्या जन्मात इतकी पत्रं कोणी कोणाला लिहिली नव्हती. “अभिनंदनाची दिसतात,” ते लवूला म्हणाले आणि पहिलं पाकीट फोडलं.

‘हुकूम नंबर ४१७ प्रमाणे चौकशी केली. या शाळेच्या हद्दीत चालू महिन्यात पुत्ररत्न निरंक. आनंद झाला.’

दुसरं एका तरीवरच्या कारकुनाचं. ‘या तरीवर पुत्ररत्न एक. परंतु ते बोर्डाच्या नोकराचे नसून नावेत बसलेल्या उतारूचे आहे. आनंद करावा किंवा कसे, खुलासा व्हावा.’

तिसरं कोंडवाड्याचं. ‘काढा करून अटकेतील जनावरांस पाजला. रेडा वगळता सर्वांनी घेतला. रेड्याविरुद्ध काय करावे, ते कळावे.’

एका धर्मशाळेनं अडुळशाच्या दोन गोणी पाठवून पोच मागितली होती. संगमेश्वराकडच्या एका मास्तरानं लिहिलं होतं, ‘मी अविवाहित असल्यामुळे भगिनी हजर ठेवू शकत नाही. चुलतबहीण चालत असल्यास कळवावे.’ चाळीस पत्रांत तो तरीवाला सोडून सगळ्यांनी आनंद झाल्याचं कळवलं होतं, दोघांनी तर साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

हरिभाऊंनी शेवटचं पत्र खाली ठेवलं. सगळं गाव गप्प करून ऐकवायचं त्यांचं स्वप्न होतं, आणि गावानं ऐकलं होतं. इतकं ऐकलं होतं, की आता ते आवरायचं कसं, हे कळेना. त्यांनी अडुळशाच्या गोणी हळूच टेबलाखाली सारल्या. दुपारपर्यंत कचेरीभर वैद्याच्या घरासारखा वास सुटला.

“आप्पांना कळू देऊ नकोस,” ते लवूला म्हणाले.

“त्येंनी मगाशीच वास घेतलाय. ‘कोणाचा दमा वाढला रे?’ म्हणून इचारीत व्हते.”

मग तो शुक्रवार आला. आप्पांच्या घरी दरवर्षी आळीतल्या वीसेक बायका येत, कैरीची डाळ खात, पन्हं पीत आणि सुनांची गाऱ्हाणी गौरीला साक्ष ठेवून सांगत. यंदा ओटीवर पाट टाकून आप्पा आणि हरिभाऊ बसले होते. आप्पांनीच बोलावलं होतं, कारण पत्रकात आपलं नाव ‘आप्पासाहेब’ असं आल्यामुळे ते मनातून विरघळले होते. एवढ्यात पाखाडीखाली पहिली बैलगाडी थांबली. तिच्यामागं दुसरी. मग लांजाकडून एक छकडा. मग बोटीतून उतरलेल्या आठदहा जणी, पायांना वाळू, डोक्याला बोचकी.

“ह्या कोण?” आप्पांनी विचारलं.

हरिभाऊंनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र त्यांच्या बाजूनं काही बोलला नाही.

आत आप्पांच्या बायकोनं डाळ पुरेना म्हणून हरभरे वाढवले, हरभरे पुरेनात म्हणून पन्हं वाढवलं, पन्हं पुरेना म्हणून पाणी वाढवलं. त्रेसष्ट बायका झाल्या. पडवीत गौर होती तिला झोपाळ्यासकट उचलून माजघरात हलवावी लागली. एक ठेंगणी, खमकी बाई कुंकू लावू देईना.

“वहिनी, ओटी मागाहून भरा. आधी हजेरीची चिठ्ठी द्या.”

“कसली चिठ्ठी गो बाय?”

“हजर राहिल्याची! आमच्या यांनी निक्षून सांगितलंय, सहीची चिठ्ठी घेतल्याशिवाय परत फिरू नकोस, पगार थांबेल. तीन दिवस शाळा बंद ठेवून मला बोटीत बसवायला आले ते. आणि ही माझी मोठी जाऊ. शेजारच्या शाळेच्या मास्तरांना बायको नाही ना, त्यांच्या खात्यात हिला धरा.”

त्या संध्याकाळी बोर्डाचे हेडक्लार्क आप्पा मुळ्ये स्वतःच्या ओटीवर बसून त्रेसष्ट चिठ्ठ्या लिहीत होते. ‘सदरहू भगिनी हळदीकुंकवास हजर होत्या.’ शेवटची चिठ्ठी झाल्यावर त्यांनी टाक ठेवला आणि इतकंच म्हणाले, “पावसकर, तुमच्या स्नेहानं माझी विहीर आटली.”

एवढ्यावर निभावलं असतं. आप्पा कडू माणूस, पण जूनमध्ये जाणारे. हरिभाऊ रोज त्यांना पान लावून देऊ लागले, दुसऱ्या अंकाचं नावही काढेनात, आणि गादी माळ्यावरून काढून उन्हात टाकण्याइतका त्यांना धीरही आला. तेवढ्यात शिरगावच्या शाळेहून खलिता आला. लिहिणारे तिथले म्हातारे मास्तर, जे महिन्याभरात निवृत्त होणार होते.

‘हुकूम नंबर ४१७ अन्वये अंजनवेलचे सखाराम मास्तर येथे वळकटी व ट्रंकेसह रुजू झाले आहेत. शाळेस खोली एक व मास्तर दोन झाले आहेत. मी पाढे सांगतो, ते त्याच वेळी इतिहास सांगतात. त्यामुळे मुले बारा चोक अफझलखान म्हणू लागली आहेत. पुढील हुकूम व्हावा.’

पाठोपाठ अंजनवेलच्या गावकऱ्यांचा अर्ज, तीस अंगठ्यांनिशी: आमच्या शाळेत बाक आहेत, फळा आहे, पोरं आहेत, मास्तर नाही. बोर्डानं तो कुठं ठेवला?

हरिभाऊ तडक शिरगावला चालत गेले. सखाराम मास्तर शाळेच्या पायरीवर खडू घासत बसले होते. उंच, वाळका, शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. डोळे खाली ठेवून बोलणारा.

“मास्तर, अहो ही बदली नाही! बातमी होती ती! गावगप्पा!”

“नंबर होता,” मास्तर म्हणाले.

“नंबर आप्पांनी घालायला लावला!”

“शिक्का होता.”

“लवू कशावरही मारतो!”

“साहेबांची सही होती.” मास्तरांनी खडू खिशात ठेवला. “मी लहान माणूस, पावसकर. सही दिसली की निघतो.”

घरी आल्यावर हरिभाऊंनी गोदाकाकूंना सांगितलं, “माणूस भाबडा आहे. पण याच्या भाबडेपणापायी माझी खुर्ची जाणार.”

“मग चौकशीत सांगा, तुम्हाला अक्कल नव्हती आणि त्यांनाही नव्हती. दोघं सारखे सुटाल.”

सखूआक्का गडग्यापलीकडून म्हणाल्या, “सुटायचे नाहीत गो. आमच्या मामंजींच्या वेळी असंच झालं, त्यांना मंडणगडला पाठवला. तिकडून परत आले ते नुसत्या मिशा.”

चौकशी प्रेसिडेंटसाहेबांच्या खोलीत झाली. साहेब पेशानं वकील. कोर्टात पक्षकार बोलू देत नाहीत म्हणून बोर्डात येत. एका बाजूला आप्पा. समोर हरिभाऊ, जांभळी बोटं पाठीमागं लपवून. त्यांच्या शेजारी सखाराम मास्तर. हरिभाऊंना एकच आशा होती. मास्तरांनी एवढंच म्हणावं, की कागदात ‘असे ऐकतो’ होतं आणि मी घाईत वाचलं नाही. मग चूक वाचणाऱ्याची. मास्तरांना जरा ताकीद मिळेल, ते अंजनवेलला परत जातील, आणि जूनमध्ये गादी खुर्चीवर जाईल. सकाळी तसं त्यांनी मास्तरांना विनवलंही होतं. मास्तरांनी मान हलवली होती. पण होकाराची की माशी बसली म्हणून, ते कळलं नव्हतं.

“मास्तर,” साहेबांनी विचारलं, “हा कागद तुम्ही हुकूम समजलात?”

“होय साहेब.”

“खाली ‘असे ऐकतो’ असं लिहिलंय. हुकूम असा लिहितात?”

मास्तर खालमानेनंच म्हणाले, “मला वाटलं, बोर्डाची नवी रीत असेल. वर आपली सही होती. आपली सही असून कागद खोटा, असं माझ्यासारख्यानं कसं मनात आणावं?”

साहेबांनी कागद उचलला, कोपऱ्यातली आपली सही पाहिली, आणि कागद असा खाली ठेवला, जसा एखादा विंचू ठेवतात. मास्तरांना परत पाठवावं, तर साहेब वाचल्याशिवाय सही करतात, हे बोर्डाच्या दप्तरात कायमचं लागणार. आप्पांना त्रेसष्ट चिठ्ठ्या आठवल्या. ते खिडकीबाहेर पाहू लागले. अशा वेळी न्यायाला एकच वाट उरते, आणि ती सगळ्यांत हलक्या माणसाच्या अंगणातून जाते.

“बदली झाली ती झाली,” साहेब म्हणाले. “शिरगावचे म्हातारे मास्तर जातातच आहेत, तिथं हे राहतील. प्रश्न अंजनवेलचा. हे आपले... अक्षरवाले. यांचं शिक्षण काय?”

“व्हर्नाक्युलर फायनल पास आहेत,” आप्पा म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी हरिभाऊंची शिफारस केली ती एवढीच.

“छान. मग अंजनवेलची शाळा यांनी चालवावी. तिथं दवंडी द्यायला पोरं पुष्कळ आहेत. आणि आप्पा, दुसरा माणूस तयार होईपर्यंत तुम्ही आणखी एक वर्ष राहा.”

हुकूम लिहायला माणूस हवा. बोर्डात जांभळ्या शाईनं लिहिणारा एकच होता. हरिभाऊंनी टाक उचलला आणि स्वतःच्या बदलीचा हुकूम लिहिला. जावक नंबर, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. अक्षर त्या दिवशी असं काही आलं, की लवूनं शिक्का मारायच्या आधी क्षणभर हात थांबवला. आपल्या हातानं आपलं नाव आता पन्नास गावांत जाणार, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. प्रत्येक जण टोपी सारखी करून वाचणार होता.

गोदाकाकू रडतील असं त्यांना वाटलं होतं. काकूंनी माळ्यावरची गादी काढली, तिचा दोरा उसवला आणि कापूस उशीत परत भरला. “अंजनवेलला मासळी ताजी मिळते,” त्या म्हणाल्या. सामान मात्र जोरजोरात बांधलं.

बंदरावर त्या दिवशी वारा पडला होता. दाभोळकडे जाणारी बोट दूर उभी होती आणि तिच्यापर्यंत नेणारे पडाव उतारू भरत होते. भागोजींनी कुठल्या बाजूला बसलं की मळमळत नाही ते सांगितलं, सखूआक्कांनी अंजनवेलमधल्या तीन घरांच्या भानगडी आगाऊ सांगून ठेवल्या. मग घाम पुसत, लांब ढांगा टाकत सखाराम मास्तर आले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक किल्ली पुढं केली.

“शाळेच्या कपाटाची. घाईत माझ्याकडंच राहिली. फळ्यामागची कौलं गळतात, तिसरीला तिथं बसवू नका. आणि खोतांच्या घरून ताक येतं ते घेत जा, नाही म्हटलं तर पोरं पाठवत नाहीत.”

हरिभाऊंनी किल्ली घेतली. राग तर आलाच होता. पण इतक्या उन्हातून किल्ली द्यायला आलेल्या माणसावर तो काढता येईना. शेवटी ते चिडून म्हणाले, “एक सांगा मास्तर. माझं वाटोळं झालं ते झालं. पण तुम्हाला खरंच कळलं नाही हो? एवढा कसा माणूस भोळा!”

पडाववाल्यानं हाक दिली. गोदाकाकू वाळूतून पुढं झाल्या. मास्तरांनी हरिभाऊंची ट्रंक उचलली, पाण्यात गुडघाभर शिरले, ती पडावात ठेवली, हरिभाऊंना हाताला धरून आत चढवलं. आणि पडावाची कड धरून, सव्वीस वर्षं हुकूम लिहिणाऱ्या त्या अक्षरवाल्याकडे पहिल्यांदाच मान वर करून पाहत म्हणाले,

“चौकशीच्या दिवशी तुम्ही शेजारी उभे होतात, तेव्हाच बोलायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही. पावसकर, सातही अर्जांत मी ‘घरची अडचण’ एवढंच लिहिलं. अडचण काय, ते लिहवलं नाही. माझ्या बायकोला, येसूला, चार वर्षं काही दिसत नाही. शिरगावच्या घरात चुलीपासून विहिरीपर्यंतची पावलं तिला मोजून ठाऊक आहेत. परक्या घरात तिला कुठं नेऊ? मग तुमचा कागद आला. त्याच्यावर ‘स्नेहवार्ता’ होतं, खाली ‘असे ऐकतो’ होतं. अहो, एकोणीस वर्षं पोरांना वाचायला शिकवतोय मी. मला काय वाचता येत नाही?”